लोकल फोल्डर्स

अक्कलकोट रोड एमआयडीसी, मागची शेड.
माग विकले गेलेत. फरशीवर त्यांच्या पायांचे
तेलकट चौकोन तेवढे उरलेत.
ऑफिसात एक कॉम्प्युटर, त्याच्यावर टॉवेल पांघरलेला,
सेकंडचा माल, काठ तिरका गेलेला.

"शनवारपर्यंत रिकामा करून द्या म्हणालेत,"
लक्ष्मीनरसू गड्डम म्हणाले.
बावीस वर्षं एक्स्पोर्टचं टपाल त्यांच्याकडं.
खिशातून नवाकोरा पेन ड्राइव्ह काढला, पावतीसकट.
"पण आधी एक सांगा ओ मॅडम.
ही पत्रं ऱ्हातात कुठं?
कुणी म्हणतंय मुंबईत, कुणी म्हणतंय अमेरिकेत.
मी तर ह्या काचंतच बघितली."

मी सी ड्राइव्ह उघडला.
त्यात युजर्स, त्यात त्यांचंच नाव,
स्पेलिंगमध्ये एक डी कमी.
पुढं वाट दिसेना. "लपवलेलं दाखवा" असं त्याला सांगावं लागतं,
मग एक फिकट पिवळं फोल्डर वर येतं,
तापातून उठलेल्या माणसासारखं.
त्याच्या आत आणखी एक, आणखी एक,
आणि एक नाव, जे कुणी ठेवलेलंच नाही:
एक्स सात के दोन पी नऊ.
"लॉट नंबर हाय की हा," काका म्हणाले.
पहिल्यांदाच जरा हसले.

मग मेल. मग लोकल फोल्डर्स.
"लोकल म्हंजे?"
"म्हणजे इथलं."
"हँबर्गची पत्रं पण?"
"एकदा उतरवून घेतली की तीही इथलीच."

फायली जोडीजोडीनं बसलेल्या.
एक थोरली, तिला आडनावच नाही, नुसतं इनबॉक्स.
शेजारी एक बारकी, डॉट एमएसएफ.
बारकी हरवली तर हरवू द्या, म्हटलं,
ती नुसती यादी आहे, पुन्हा तयार होते.
थोरली जपा.
ती नोटपॅडमध्ये उघडली. बराच वेळ पंखाच ऐकत बसलो.
आणि आली: पत्राला चिकटून पत्र,
मध्ये पान नाही, पाकीट नाही,
"फ्रॉम" म्हटलं की नवीन माणूस बोलायला लागतो.
"एकाच बीमवर सगळा ताणा," काका म्हणाले,
आणि चष्मा पुसून पुढं सरकले.

"थांबा. हे मी पुसलं होतं."

मार्च दोन हजार अकरा.
त्यांच्याच हातचं, त्यांनाच उलट आलेलं,
खाली पार्टीनं एक ओळ लाल केलेली:
शेड नंबर दोनशे एक्केचाळीस.
मागितलेला होता दोनशे चौदा.

सांगायला हवं होतं, सांगितलं:
डिलीट केलं की पत्र जात नाही, काका.
त्याच्या डोक्यावरच्या ओळीत एक आकडा बदलतो,
एकाचा नऊ होतो, बस्स.
प्रोग्राम नऊ बघतो आणि नजर फिरवतो.
पत्र आपल्या जागी.

"चार हजार डझन," ते म्हणाले.
"रंगारी मल्लेशमला काढला त्या वेळी.
मी समोरच बसलो होतो. ह्याच खुर्चीत."

बाहेर टेम्पोनं रिव्हर्स घेतला, बराच वेळ वाजत राहिला.

"खरंच पुसायचं असलं तर?"
"राइट क्लिक. कॉम्पॅक्ट.
मग नऊवाली सगळी गळून जातात. फाईल हलकी होते."
माझं बोट माऊसवर होतं.
त्यांनी टॉवेलची घडी केली, उलगडली,
परत केली, काठाला काठ जुळेना.

"नको. हाय तसं उचला," म्हणाले. "लॉट सकट."

कॉपीला चौदा मिनिटं दाखवत होतं.
मग सदतीस. मग परत चौदा.
काका एका जुन्या चलनाच्या पाठीमागं
सगळा रस्ता उतरवून घेत होते,
सी, युजर्स, डी कमी असलेलं आपलं नाव,
एक्स सात के...
शेवटी थोडी जागा उरली, तिथं लिहिलं:
मल्लेशम, विडी घरकुल.
पुढं गल्लीचा आकडा आठवेना.
पेन तसंच धरून बसले.